मोठा भूकंप झाल्यावर धक्के का येत राहतात, किती दिवस येतात आणि तोवर आपण नक्की काय करायचं

मोठा धक्का थांबला की सगळे रस्त्यावर येतात, फोनाफोनी होते, आणि पंधरा-वीस मिनिटांत कोणीतरी म्हणतंच की झालं आता, चला आत. नका जाऊ. सगळ्यात जास्त आफ्टरशॉक, म्हणजे मोठ्या भूकंपाच्या मागून येणारे धक्के, पहिल्या काही तासांतच येतात. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला तिथल्या वेळेने ११.५६ ला ७.८ चा भूकंप झाला, आणि अर्धा तास उलटून जेमतेम काही मिनिटं होतात न होतात तोच ६.६ चा आला. आपल्या किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, म्हणजे हा "नंतरचा" धक्काच किल्लारीच्या जवळपास चौपट ऊर्जेचा. त्यामुळे आफ्टरशॉक म्हणजे छोटामोठा हादरा, पंखा हलतो आणि संपतं, ही समजूत आधी डोक्यातून काढा.

पहिल्या तासात करायचं ते एवढंच. बाहेर पडताना हाताशी असेल तर सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करा, मेन स्विच पाडा, पायात चप्पल नाही तर बूट घाला (काचांवरून अनवाणी चालून पाय कापून घेणारे खूप असतात), आणि बिल्डिंगपासून लांब जा. लांब म्हणजे गेटपाशी नाही. कंपाउंडच्या भिंती, विजेचे खांब, गच्चीवरची टाकी, सज्जे, दुकानांचे बोर्ड या सगळ्यांपासून लांब, शक्यतो बिल्डिंग जेवढी उंच आहे निदान तेवढ्या अंतरावर. आणि राहिलेलं पाकीट, दागिने, कागदपत्रं आणायला वर जायचं नाही. पहिल्या धक्क्याने भिंत खिळखिळी झालेली असते, तिला पाडायला दुसरा धक्का तेवढा जोरदार असायची गरजच नसते.

का येतात हे धक्के

जमिनीखाली खडकात मोठी भेग असते, तिला फॉल्ट म्हणतात. दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकायला बघतात पण घर्षणाने अडकून बसतात, ताण वर्षानुवर्षं साठतो आणि एक दिवस सुटतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं असं की तो ताण सगळीकडे सारखा सुटत नाही. दुकानाचं गंजलेलं शटर आठवा, जोर लावून ओढलं की एक बाजू खाडकन वर जाते आणि दुसरी तिथेच अडकते, आणि आता सगळा भार त्या अडकलेल्या बाजूवर येतो. फॉल्टचंही तसंच, जो तुकडा सरकला तिथला ताण कमी झाला पण त्याच्या कडांना आणि मधे जे टप्पे अडकून राहिले त्यांच्यावर तो वाढला. ते मग आपापल्या वेळेने सुटत राहतात. प्रत्येक सुटणं म्हणजे एक धक्का, आणि त्या धक्क्यालाही स्वतःच्या कडा असतात म्हणून त्याचेही आफ्टरशॉक येतात.

नेपाळचंच बघा. भारताची प्लेट, म्हणजे भारत ज्यावर बसलाय तो खडकाचा अवाढव्य तुकडा, हिमालयाच्या खाली वर्षाला साधारण २ सेंटीमीटर सरकायला बघते. २५ एप्रिलला गोरखा जिल्ह्यात बारपाक गावाजवळ फॉल्ट सुटायला सुरुवात झाली आणि ती फूट पूर्वेकडे काठमांडूच्या खालून साधारण दीडशे किलोमीटर पळत गेली, काठमांडूचं खोरं जवळपास मीटरभर वर उचललं गेलं, आणि मग पूर्वेला कुठेतरी जाऊन ती थांबली. थांबली म्हणजे तिथे पुढचा खडक सुटला नाही, पण त्याच्यावर ताण मात्र येऊन पडला. १२ मे ला म्हणजे १७ दिवसांनी ७.३ चा जो धक्का आला तो याच पूर्वेच्या टोकाला, दोलखा-सिंधुपाल्चोकच्या बाजूला.

आता सगळा ताण लगेच का सुटत नाही, दिवस आणि महिने का लागतात? कारण काही खडक अगदी तुटायच्या बेतात असतात ते लगेच तुटतात, काहींना अजून थोडा वेळ लागतो, शिवाय खोलवर फॉल्ट धक्का न देता हळूहळू सरकतच राहतो आणि आजूबाजूला ताण देत राहतो, आणि खडकांच्या भेगांमधलं पाणी दाब बदलल्यामुळे नवीन ठिकाणी शिरतं आणि तिथलं घर्षण कमी करतं. यातलं कुठलं कारण किती हे प्रत्येक भूकंपात वेगळं.

गणित, जे घरी वहीत करता येतं

हा भाग कंटाळा न करता वाचा, कारण अफवांपासून वाचायचं असेल तर हाच उपयोगाचा आहे.

जपानमध्ये १८९१ ला नोबी भागात प्रचंड भूकंप झाला, फुसाकिची ओमोरी नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच्या आफ्टरशॉकच्या नोंदी मोजल्या आणि १८९४ ला एक साधा नियम मांडला जो आजही वापरतात. धक्क्यांची संख्या साधारण दिवसांच्या प्रमाणात भागली जाते. पहिल्या दिवशी १०० आले तर दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास, दहाव्या दिवशी १० च्या आसपास, शंभराव्या दिवशी एखादा. म्हणजे सुरुवातीला झपाट्याने कमी होतात आणि मग शेपटी लांबतच जाते. याचा एक अर्थ पटकन लक्षात येत नाही, तो असा की पहिल्या ते दहाव्या दिवसात जेवढे येतात साधारण तेवढेच दहाव्या ते शंभराव्या दिवसात येतात, फक्त पसरून येतात. त्यामुळे "आता तीन दिवस काही नाही म्हणजे संपलं" असं म्हणायला काही आधार नाही.

दुसरं, आकाराचं. मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाच्या आकाराचा ७.८, ६.६ असा आकडा, एकने खाली गेलं की संख्या साधारण दसपट होते. ६ च्या वरचा एक असेल तर ५ च्या वरचे दहा, ४ च्या वरचे शंभर. नेपाळमध्ये ४ च्या वरचे चारशेहून जास्त नोंदले गेले आणि ६ च्या वरचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणजे हिशोब बऱ्यापैकी जुळला.

तिसरं, सगळ्यात मोठा आफ्टरशॉक मुख्य भूकंपापेक्षा सरासरी १.२ ने लहान असतो. ७.८ वजा १.२ म्हणजे ६.६. नेपाळमध्ये पहिल्याच दिवशी ६.६ आला, दुसऱ्या दिवशी ६.७. कागदावर बघितलं तर मोठा येऊन गेला, आता पुढे बारीकसारीक. आणि मग १७ दिवसांनी ७.३. लोक नुकतेच ताडपत्रीतून घरात जायला लागले होते, त्या एका धक्क्यात दोनशेहून जास्त माणसं गेली.

सरासरी ती सरासरीच. आणि इथेच बहुतेक लोक फसतात, मला तर वाटतं आफ्टरशॉकबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: दिवसागणिक धक्क्यांची संख्या कमी होते, आकार कमी होत जाईलच असं नाही. पन्नासाव्या दिवशी धक्का यायची शक्यता पहिल्या दिवसापेक्षा खूप कमी, पण आलाच तर तो छोटाच असेल असं कोणी लिहून देत नाही. लोकांच्या मनात चेंडूसारखं चित्र असतं, उसळी कमी कमी होत जाणार. तसं होत नाही.

आणि कधीकधी जो मुख्य समजला तो मुख्य नसतोच. ९ मार्च २०११ ला जपानच्या पूर्वेला समुद्रात ७.३ चा झाला, सगळ्यांना वाटलं हाच तो, दोन दिवसांनी ११ मार्चला ९.० चा आला आणि त्सुनामी आली. कॅलिफोर्नियाच्या नोंदींवरून जो अंदाज काढलाय तो साधारण ५ टक्क्यांचा आहे, म्हणजे वीस भूकंपांपैकी एकाच्या मागून आठवड्याभरात त्याच्याहून मोठा येतो. ५ टक्के म्हणजे घाबरून गाव सोडायचा आकडा नाही, पण तडा गेलेल्या भिंतीखाली झोपायचाही नाही. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ७.८ आणि त्याच दिवशी दुपारी नऊएक तासांनी ७.५, तोही शेजारच्या वेगळ्याच फॉल्टवर. न्यूझीलंडमध्ये उलटं, सप्टेंबर २०१० चा ७.१ चा मोठा भूकंप क्राइस्टचर्च शहरापासून लांब होता म्हणून निभावलं, आणि पाच महिन्यांनी २२ फेब्रुवारी २०११ ला त्याच मालिकेतला बराच लहान, ६.२ चा, थेट शहराच्या पायाशी आला आणि १८५ जण गेले. त्यामुळे नुसता आकडा बघू नका, तो कुठे आला आणि किती खोल हे बघा.

नोंद कशी ठेवायची

फोनमध्ये राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्राचं भूकंप नावाचं ॲप टाका, किंवा अमेरिकेच्या युएसजीएसची साइट बघा. तीन गोष्टी सांभाळा. युएसजीएसवर वेळ बऱ्याचदा युटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) दिसते, त्यात साडेपाच तास मिळवायचे तेव्हा आपली वेळ येते, नाहीतर "पहाटेचा धक्का रात्रीच्या यादीत दिसतोय म्हणजे लपवतायत" असले मेसेज सुरू होतात. पहिल्या काही मिनिटांत येणारा आकडा मशीनने काढलेला असतो, नंतर माणसं बघून तो बदलतात, ५.१ चा ४.८ झाला तर त्यात काही गौडबंगाल नाही. आणि खोली १० किलोमीटर असं सारखं दिसत असेल तर प्रत्येक धक्का मोजून १० किलोमीटरवर झाला असं नाही, खोली नीट काढता आली नाही की बऱ्याचदा हा आकडा धरून चालतात.

मग एका साध्या वहीत तारीख, वेळ, मॅग्निट्यूड आणि "जाणवला की नाही" एवढंच लिहा. सगळे मोजू नका, मॅग्निट्यूड ४ च्या वरचे मोजा, कारण पहिल्या दिवशी धक्के एकावर एक येतात, त्यात बारीक धक्के यंत्रांनाही वेगळे काढता येत नाहीत आणि तुमचा हिशोब बिघडतो. आठवड्याने बघा की दररोजची संख्या वर सांगितल्यासारखी उतरतीय का. उतरत असेल तर मालिका नेहमीसारखी चाललीय. मधेच एकदम वाढली तर बहुतेक एखादा मोठा आफ्टरशॉक येऊन गेलेला असतो आणि त्याची स्वतःची पिलावळ सुरू झालेली असते, त्या दिवसापासून परत दिवस पहिला धरा, म्हणजे घरात जायचं ठरवलं असेल तर ते पुढे ढकला.

अजून एक, मोठ्या भूकंपानंतर कित्येक दिवस नुसतं बसलं तरी जमीन हलल्याचा भास होतो. अर्धी भरलेली पाण्याची बाटली जमिनीवर ठेवा. भास झाला की पाण्याकडे बघा, पाणी स्थिर तर तुम्ही हललात, जमीन नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना याने खरंच धीर येतो, रात्री दहा वेळा उठून बाहेर पळणं वाचतं.

आपल्याकडचे धक्के, आणि प्रत्येक मालिका आफ्टरशॉक नसते

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली-नांदेड-परभणीकडे ४.५ चा धक्का जाणवला आणि त्यानंतर काही मिनिटांनीच ३.६ चा. हा सरळ सरळ आफ्टरशॉक. पण पालघरला डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून जे चाललं, धुंदलवाडीचं नाव तेव्हा रोज पेपरात यायचं, ते वेगळं प्रकरण. तिथे आधी एक मोठा आणि मग उतरती संख्या असं नव्हतंच, महिनोन्महिने लहान-मध्यम धक्के कधी वाढायचे कधी कमी व्हायचे. याला स्वार्म म्हणतात, आणि वर दिलेलं भागाकाराचं गणित इथे लावायचं नाही, लावलं तर चुकेल.

कोयनेचं तिसरंच. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरला ६.३ चा भूकंप झाला, त्याचे आफ्टरशॉक आले, पण त्यानंतर आजपर्यंत पाटण-चिपळूण पट्ट्यात जे धक्के बसतायत, त्यात ५ च्या वरचे वीसेक आहेत, त्या सगळ्यांना १९६७ ची शेपटी म्हणता येत नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी चढतं उतरतं त्याचा खालच्या खडकावर परिणाम होतो, म्हणून तिथे धक्क्यांचा आणि पाण्याच्या पातळीचा संबंध अभ्यासतात, त्या भागात त्यासाठी खोल बोअर घेऊन संशोधन चाललंय. तिकडच्या माणसाने "कधी थांबणार" असं विचारू नये, घर तेवढं मजबूत करावं.

आणि लांबच्या भूकंपाचे आफ्टरशॉक आपल्याकडे येत नाहीत. ज्या भागात फॉल्ट सुटला त्याच्या आसपास, साधारण फॉल्टच्या लांबीएवढ्या परिसरात ते येतात. भुजला २६ जानेवारी २००१ ला झालेला ७.७ चा मुंबईपर्यंत जाणवला, पण म्हणून मुंबईने पुढचे सहा महिने आफ्टरशॉकच्या भीतीने झोप घालवायचं कारण नव्हतं. कच्छने मात्र काढले ते धक्के, पुढे वर्षानुवर्षं.

अफवांबद्दल एकच कसोटी सांगतो. मेसेजमध्ये तारीख, वेळ आणि मॅग्निट्यूड तिन्ही दिलेलं असेल तर तो डिलीट करा, कोणाच्याही नावाने असू दे. नेपाळच्या वेळी नासाच्या नावाने वेळ फिरत होती, चंद्र उलटा दिसतोय हे पण फिरत होतं, आणि शिकलेली माणसं फॉरवर्ड करत होती. खरे शास्त्रज्ञ बोलतात ते "पुढच्या आठवड्यात या भागात ५ च्या वरचा यायची शक्यता इतके टक्के" अशा भाषेत. ते ऐकायला मिळमिळीत वाटतं, पण तेच खरं असतं.

घर बघायचं कसं

इथे घाई नको. आधी बाहेरून सगळ्या बाजूंनी फिरा. घर एका बाजूला कललंय का, कोपरे उघडलेत का, दारं-खिडक्या आधी नीट लागत होत्या त्या आता अडकतायत का. दगड-मातीच्या घराला भिंतीला पोट सुटलंय का ते बघा, भिंतीच्या टोकाला उभं राहून एका डोळ्याने भिंतीच्या रेषेत बघितलं की लगेच कळतं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला माणसं गेली ती या भिंतींखाली, दोन-दोन फूट जाड, बाहेर एक दगडाचा थर आत एक थर आणि मधे नुसती माती-खडी, दोन थरांना बांधणारा लांब दगड कुठेच नाही, आणि वर माळवदाची टनावारी माती. अशा भिंतीचे दोन थर धक्क्याने सुटे होतात, पोट सुटतं, आणि मग एखादा मध्यम आफ्टरशॉक, नाहीतर जोराचा पाऊस, बाकीचं काम करतो. पोट सुटलेल्या भिंतीच्या घरात झोपणं तर सोडाच, तिच्या बाहेरच्या बाजूने पण चालू नका, जनावरं बांधू नका.

आरसीसी बिल्डिंगमध्ये वीट आणि बीम जिथे मिळतात तिथली केसासारखी बारीक चीर बहुतेक वेळा प्लास्टरची असते, ती बघून रडारड नको. काळजीची चीर म्हणजे कॉलमवर तिरपी, बीम-कॉलमच्या जोडावर, काँक्रीट फुटून सळई दिसतेय अशी, किंवा दोन खिडक्यांच्या मधे फुलीसारखी. खाली नुसतं पार्किंग आणि वर सगळे मजले असं असेल तर पार्किंगचे कॉलम सगळ्यात आधी बघा, पण बाहेर उभं राहून, टॉर्च मारून, आत शिरून नाही. यातलं काहीही दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघेपर्यंत आत जायचं नाही, शेजारच्या काकांनी "काही होत नाही" म्हटलं तरी. नेपाळमध्ये इंजिनिअर घरोघर फिरून हिरवे, पिवळे, लाल स्टिकर लावत होते, ती पद्धत चांगली.

ज्या चिरेबद्दल शंका आहे तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा, आणि मधे चिरेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर रुंद पट्टी लावा. पुढचा धक्का बसला की लांबूनच बघा, पट्टी तडकली असेल किंवा चीर खुणेच्या पुढे गेली असेल तर घर अजून हलतंय. फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला पण कामाला येतात.

डोंगरउतारावर घर असेल तर घरापेक्षा वरचा उतार आधी बघा. नवीन भेगा, तिरकी झालेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा, एवढं पुरे, खाली राहायचं नाही. भूकंपाने सुटलेले दगड आफ्टरशॉकने येतात आणि उरलेले पावसाळ्यात येतात.

आत जायचं ठरलं की

ठरवताना धक्के पूर्ण थांबायची वाट बघू नका, ते थांबायला वर्षंही लागतात, आणि नुसते धक्के कमी झाले म्हणूनही जाऊ नका. घर तपासून झालं का, हा प्रश्न. तपासलेलं चांगलं घर असेल तर आठवड्यात जा, चिरलेलं असेल तर दोन महिन्यांनी पण जाऊ नका, पत्र्याचं शेड उकडतं, पोरं वैतागतात, तरी.

पहिल्या दिवशी दिवसाउजेडी एकाने जावं, दुसऱ्याने बाहेर थांबावं. गॅसचा वास येतोय का बघा, येत असेल तर लाईटचं बटण दाबू नका, खिडक्या उघडा आणि बाहेर या. मग माळा रिकामा करा, सगळे हंडे, पेट्या, जुन्या बॅगा खाली. कपाटं भिंतीला अँगलने ठोकून घ्या. देवघरातली तसबीर, टीव्ही, पलंगाच्या डोक्याशी असलेलं घड्याळ, सगळं असं बघा की हे पडलं तर कुणाच्या डोक्यात पडेल. झोपायचं दाराजवळच्या खोलीत, खिडकी आणि कपाटापासून लांब, दाराला रात्री कुलूप नाही, नुसती कडी. उशाशी टॉर्च आणि चप्पल. दाराच्या बाहेर एक पिशवी कायम भरलेली, पाणी, औषधं, चार्जर, थोडी रोकड (एटीएम बंद पडतात), आधारची झेरॉक्स, आणि घरात बाळ असेल तर त्याचं सामान.

धक्का बसला तर पक्क्या घरात टेबलाखाली किंवा आतल्या भिंतीशी वाकून डोकं झाका आणि थांबेपर्यंत तिथेच, जिन्यावर पळू नका, लिफ्ट तर नाहीच. दगड-मातीच्या एकमजली घरात आणि दार चार पावलांवर असेल तर मी बाहेर पळा असंच सांगेन, माळवदाखाली टेबल काही वाचवत नाही. आणि थांबल्यावर बाहेर जाऊन पहिल्यांदा त्या प्लास्टरच्या पट्ट्या बघा, मग वहीत वेळ लिहा.